रोज नवा पदार्थ कशाला? चारच शिकवा, पुन्हा पुन्हा करू द्या

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर या भागात राहतो. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये मी कामाला आहे. एप्रिल ते जून आमचा सीझन. सकाळी 9 ला घर सोडते, परत यायला संध्याकाळचे 7 वाजतात. नेमकी तेव्हाच मुलांना सुट्टी. मुलगा 9 वर्षांचा, मुलगी 5 वर्षांची. दोघं दिवसभर मोबाइलवर केक-पिझ्झाचे व्हिडिओ बघतात आणि मी आले की ‘आपण पण करू या’ म्हणून मागे लागतात. एकदा कुकरमध्ये केक केला. खालून करपला, आतून कच्चा राहिला, पोरगं रडलं. घरी सासूबाई असतात. पोरांना स्वयंपाकघरात घेतलं की नासाडी होते, असं त्यांचं म्हणणं. शिवाय, ‘पोराला कशाला शिकवायचं हे?’ मला गॅसची भीती वाटते आणि महागाचं सामान परवडत नाही. रोज नवीन काय करायला देऊ?
— एक आई

उत्तर

ताई, रोज नवीन काहीतरी द्यायचं हे ओझं आधी खाली ठेवा. दहा तास मशीनवर बसून आल्यावर रात्री उद्याचा पदार्थ शोधत बसायची काही गरज नाही. मुलांनाही ते नको असतं. मोबाइल रोज नवं दाखवतो, म्हणून आपणही दाखवलं पाहिजे असं आपल्यालाच वाटतं. मूल एकच गोष्ट दहादा करतं तेव्हा त्याला खरी गोडी लागते, कारण तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्याच्या लक्षात येतं की आपल्याला हे जमायला लागलंय. म्हणून संपूर्ण सुट्टीसाठी चार-पाच पदार्थ ठरवा आणि तेच पुन्हा पुन्हा होऊ द्या.

कोणते निवडायचे, याचा माझा एक नियम आहे. जो पदार्थ मधेच चाखता येतो आणि मधेच सुधारता येतो, तो मुलांचा. केक तसा नाही. एकदा झाकण लावलं की आत काय चाललंय ते मोठ्यांनाही कळत नाही. तुमचा मुलगा रडला ते केक बिघडला म्हणून तर होतंच, पण बिघडत असताना त्याला काहीच करता आलं नाही म्हणूनही असेल. चटणीत मीठ कमी पडलं तर घालता येतं. लाडू वळत नसेल तर तूप सोडता येतं. पीठ सैल झालं तर आणखी पीठ. हाताखाली वस्तू बदलताना दिसते आणि ती बदलणं आपल्या हातात असतं, यातच मुलं रमतात.

सुरुवात शेंगदाणा-गुळाच्या लाडवापासून करा. याला विस्तव लागत नाही. शेंगदाणे आदल्या संध्याकाळी तुम्ही भाजून ठेवा. 2 वाट्या भाजलेले, सोललेले शेंगदाणे, 1 वाटी किसलेला गूळ, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ. दाण्यांचं कूट मिक्सरमधून थांबत थांबत काढायचं. मिक्सर सासूबाईंच्या हाती. पुढचं सगळं मुलांचं. गूळ कुटात चोळायचा आणि मुठीत दाबून लाडू वळायचा. पहिल्यांदा फुटतील. तेव्हा लगेच ‘तूप घाल’ असं सांगू नका. ‘का फुटतोय रे?’ एवढंच विचारा आणि थांबा. धाकटीचा हात लहान, तिचे लाडू सुपारीएवढे होतील, होऊ द्यात. एवढं गोड पोटात जातंय याची काळजी असेल तर दिवसाला एक-एक असं ठरवा आणि डबा मोजायचं काम थोरल्याला द्या.

आता शेंगा चटणी. सोलापुरात राहून मुलांना ही येऊ नये, हे मला पटतच नाही. बाहेरगावचे लोक आपल्याकडून पाकिटं भरून नेतात, आणि आपलीच पोरं ती विकतची खातात. साहित्य म्हणाल तर सगळं घरातलंच. 2 वाट्या शेंगदाणे, लसणाच्या 10-12 पाकळ्या, 1 चमचा जिरे, चवीपुरतं मीठ आणि लाल तिखट. घरी मोठ्यांसाठी करता तेव्हा 2 चमचे घालत असाल, मुलांच्या पहिल्या खेपेला 1 पुरे.

यात दाणे भाजणं सोडलं तर सगळं मुलांना करता येतं. मंद आचेवर 10-12 मिनिटं सतत हलवत भाजायचे, सालाला ठिपके पडले आणि दाणा चावल्यावर कुरकुरला की उतरवायचे. पूर्ण गार झाले की जाड फडक्यात घेऊन मुलांना चोळू द्या. मग सूप. पाखडायला सासूबाईंनी शिकवावं, व्हिडिओ बघून ते मनगटात येत नाही. गॅलरीत किंवा अंगणात करा, सालं उडणारच. निवडतानाच एक सवय लावा. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा दाणा बाजूला काढून फेकायचा. खवट-बुरसटलेल्या दाण्यात विष तयार होतं आणि भाजून ते जात नाही, हे 9 वर्षांच्या मुलाला सांगितलं तर नीट समजतं. तो तुमच्यापेक्षा काटेकोरपणे निवडेल.

कुटायला खलबत्ता घ्या. खाली जुन्या चादरीची घडी घातली की फरशीला धक्का बसत नाही आणि खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन येत नाहीत. आधी लसूण, जिरे, मीठ, मग थोडे थोडे दाणे. तिखट शेवटी, तेही चमच्याने, आणि ते आजीने घालायचं. त्या हाताने डोळा चोळला तर पोरगी दिवसभर चटणीचं नाव काढणार नाही. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. कुटताना दाणा चिरडतो आणि ते तेल बाहेर येतं, म्हणून वरून थेंबभरही न घालता चटणी ओलसर, चकचकीत होते. मिक्सर सलग फिरवला तर तिचा लगदा होतो. थोरल्याला दोन्ही करून बघू द्या. अर्धी खलबत्त्यात, अर्धी मिक्सरमध्ये, आणि रात्री जेवताना वडिलांना न सांगता दोन्ही वाढायच्या. कोणती कशाची ते ओळखायचं. सुट्टीतला अर्धा दिवस यात निघून जातो आणि घरात आठवडाभराची चटणी होते. सासूबाईंची नासाडीची तक्रारही इथे आपोआप निम्मी होईल, कारण यातलं काहीच फुकट जात नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. धाकटी 5 वर्षांची आहे. तिला अख्खे दाणे तोंडात टाकून पळू-उड्या मारू देऊ नका, घशात अडकतात. खायचे ते बसून, चावून. आणि शेजारची मुलं आली तर त्यांच्या आईला आधी विचारा. काहींना शेंगदाण्याची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते.

भाकरीवर थोडं जास्त बोलते, कारण तिथे सासूबाईंचा प्रश्नही सुटेल असं मला वाटतं. त्या नासाडीची भीती घालतात, पण त्यांना विचारून कोणी काही ठरवलंय का? घरात दोन पोरं, मोबाइलवर परक्या बाया केक शिकवतायत, आणि जिला आयुष्यभर भाकरी थापून हातात गणित बसलंय ती बाजूला बसलेली. त्यांना मदतीला बोलवू नका, शिकवायला बसवा. ‘आत्या, या दोघांना भाकरी तुम्हीच शिकवा, मला तुमच्यासारखी पातळ येत नाही’ असं म्हणून बघा. आपल्या कडक भाकरीइतकी पातळ भाकरी खरंच फार थोड्या जणींना जमते, त्यामुळे यात खोटं काही नाही.

आणि ‘पोराला कशाला?’ याचं उत्तर वाद घालून देऊ नका, पण मनात ठाम असू द्या. आणखी दहा वर्षांनी हा मुलगा शिकायला पुण्याला, हैदराबादला जाईल. तिथे खोलीवर राहील, भूक तर रोज लागेल. भाकरी येणाऱ्या पोराचं कुणावाचून अडत नाही. सासूबाईंना एवढं सांगितलं तरी पुष्कळ. घरात जेवणारे सगळे असतील तर रांधायला येणारेही सगळे असावेत, माझं मत एवढं स्पष्ट आहे. वडील घरी असतील त्या दिवशी त्यांनाही परातीपाशी बसवा. मुलगा आजीच्या सांगण्याने जेवढं शिकेल, त्याहून जास्त बापाला पीठ मळताना बघून शिकेल.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. त्यामुळे कणकेसारखं गार पाण्यात मळलं तर थापताना कडा फाटतात. आधणाचं पाणी पिठावर ओततात ते त्यासाठी. हे काम तुमचं किंवा आजीचं. पाणी ओतून चमच्याने ढवळून ठेवा, हाताला सोसेल इतकं कोमट झालं की परात मुलांकडे. मुलांनी तळहाताच्या टाचेने रगडायचं, बोटांनी चिवडत बसायचं नाही. पीठ ताजं हवं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते, मग आजीची भाकरीही तुटते, आणि मुलाला उगाच वाटतं की आपल्यालाच येत नाही. म्हणून त्या आठवड्यात किलोभरच दळून आणा, आणि गिरणीत थोरल्याला पाठवा. ज्वारी मालदांडी मिळाली तर उत्तम. आपल्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, 2016 साली मिळालं. शाळेत हे शिकवतील न शिकवतील, भाकरी थापताना सांगितलेलं लक्षात राहतं.

पहिली भाकरी पुरीएवढी. ती परातीवरून उचलता येणं हाच पहिला टप्पा, गोल नसली तरी चालेल. तव्यावर टाकायची आजीने. वरून पाणी फिरवायला थोरल्याला देऊ नका, वाफ हाताला लागते. मोडलेल्या भाकऱ्या टाकून द्यायच्या नाहीत. ताकात कुस्करून, वर लसूण-मिरचीची फोडणी दिली की दुपारचं जेवण झालं. दोन-तीन आठवडे रोज एक-एक थापली की थोरल्याचा हात बसेल. धाकटीने रोज फक्त परातीत पीठ भुरभुरलं तरी तिचं काम झालं.

तुम्ही घरी नसता त्या वेळेसाठी न शिजवता होणारी कामं आहेत. मटकी भिजवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं. सकाळी तुम्ही निघताना धाकटीने वाटीभर मटकी पाण्यात घालायची, संध्याकाळी तुम्ही आलात की फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी सोडून बघायची. एप्रिल-मेच्या उकाड्यात 10-12 तासांत मोड दिसतात. रोज थोडा जास्त वेळ ठेवलेली पुरचुंडी आणि मोडांची लांबी याची वहीत नोंद करायला थोरल्याला सांगा. मुलांना मोड कच्चे देऊ नका, वाफवून द्या. मोड येण्याच्या उबेत जंतूही वाढतात.

दुसरं काम लोण्याचं. साय साठवून विरजण लावा, विरजली की फ्रीजमध्ये गार करा, मग घट्ट झाकणाच्या बरणीत निम्मी भरून मुलांच्या हाती द्या. आळीपाळीने हलवायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लोणी मऊ पडतं, गोळा धरत नाही. तेव्हा बरणीत बर्फाचे दोन-तीन खडे टाकायचे आणि काय होतं ते बघायचं. हलवून हलवून हात दुखले की एकाएकी वजन बदलतं, आत गोळा आपटायला लागतो. तो क्षण मुलं विसरत नाहीत. ताक त्याच दुपारी प्यायचं. तूप कढवणं मात्र रात्री, तुमच्या हाताने.

पन्हं, लिंबाचं सरबत, काकडीची कोशिंबीर याबद्दल वेगळं सांगत नाही, तुम्हाला येतंच. एवढंच की पन्ह्यासाठी कैऱ्या तुम्ही उकडून ठेवल्या तर गर हाताने काढायचं काम मुलांना फार आवडतं. गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, कैरीच्या आंबटपणावर. चाखत ठरवायचं.

गॅसची भीती वाटते ती बरोबरच आहे, आणि ती घालवू नका. काम स्वयंपाकघरात करायचंच कशाला? मी वर सांगितलेली बहुतेक कामं हॉलमध्ये चटईवर होतात. शेगडी पेटलेली असताना मुलं आत नाहीत, हा एकच नियम सासूबाईंनाही सांगा आणि त्यात सवलत नको. कढईतलं तेल, कुकर आणि विळी या सुट्टीत दोघांनाही नाही. थोरल्याला लहान सुरी चालेल, काकडी-केळ्यावर, पाट खाली ठेवून, आणि कोणीतरी शेजारी बसलेलं असताना. अंगात सुती कपडे असू द्यात. इतकं करूनही भाजलंच तर साध्या गार पाण्याच्या धारेखाली 20 मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाण्याने भरलेली एक बादली, मग्गा त्यातच, अशी कायम बाजूला ठेवा. फोड मोठे आले, किंवा चेहरा, हात, सांधा भाजला तर थेट डॉक्टरांकडे.

वेळेचं म्हणाल तर दुपार सोडून द्या. 11 नंतर आपल्या घरांचे स्लॅब तापतात, तेव्हा मुलं चिडचिडी होतात आणि आजीही. सकाळी तुम्ही निघायच्या आधीचा अर्धा तास किंवा आजीबरोबर 10 पर्यंतचा वेळ पुष्कळ झाला. आवरणं हा कामाचाच भाग ठेवा. फडकं, झाडणी, वाट्या बेसिनमध्ये. आवरून झालं की मगच खायचं. पहिले चार दिवस तुम्हाला सांगावं लागेल.

केकबद्दल तुमच्या मुलाला ‘नाही’ म्हणू नका. मेच्या शेवटी करू असं सांगा. तोपर्यंत वाटीने मोजणं, मिश्रण किती सैल ते ओळखणं हे हाताला आलेलं असेल. मागच्या वेळी खालून करपून आत कच्चा राहिला याचं कारण बहुतेक आच मोठी होती आणि भांडं थेट तळाला टेकलं होतं. जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून वर स्टँड ठेवा, 10 मिनिटं आधी तापवा, मग बारीक आचेवर रव्याचा केक 40-45 मिनिटं ठेवा. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रिंग काढूनच. सुरी खुपसून कोरडी आली की झाला. ते सगळं तुम्ही करा, मिश्रण त्याने करावं.

शेवटचं, वाळवणाचं. हे मात्र लांबवू नका, कारण यासाठी कडक ऊन लागतं आणि ते आपल्याकडे आत्ता भरपूर आहे. पहिल्यांदाच करताय तर साबुदाण्याच्या पापड्या करा, कुरडयांच्या वाटेला जाऊ नका. 1 वाटी साबुदाणा रात्री भिजवायचा. सकाळी 6 वाजता 5 वाट्या पाणी उकळून त्यात घालायचा, दाणा काचेसारखा आरपार दिसेपर्यंत ढवळत शिजवायचा. मीठ, जिरे. गरम चीक चिकटतो आणि फार भाजतो, म्हणून पातेलं उतरवून बोट लावता येईल इतकं कोमट होईपर्यंत मुलांना गच्चीवर पाठवून द्या, प्लास्टिकचा कागद अंथरून चार कोपऱ्यांना दगड ठेवायला. मग चमच्याने टिकल्या घालायच्या. धाकटीच्या वेड्यावाकड्या येतील, तळल्यावर त्याच सगळ्यात आधी संपतात. 9 च्या आत सगळ्यांनी खाली यायचं, दुपारच्या उन्हात राखण बसवू नका, वरून पातळ ओढणी टाकली की चिमण्या लांब राहतात. संध्याकाळी उलटून, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. काडकन मोडली म्हणजे वाळली. वळवाचे ढग दिसले तर अर्धओल्या पापड्या डब्यात भरू नका, बुरशी येते. ताटात पसरून पंख्याखाली ठेवा आणि ऊन पडलं की पुन्हा गच्चीवर न्या.